उसन्या दालनांचा इतिहास

वास्तुवारसा जपण्याच्या या काहीशा आतबट्ट्याच्या व्यवहारात माझ्यासोबत असलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा छापील अहवालात आहे. तुम्ही तो वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, तरीही तो इथे वाचून दाखवण्याचा अत्याचार मी करत नाही. मला बोलायचं आहे ते विखुरलेल्या राज्यांचं जिथे एक राष्ट्र झालं, अशा वास्तूंविषयी. त्यातल्या बहुतेक त्या कामासाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या उसन्या घेतल्या गेल्या, घाईघाईने ठोकून-ठाकून बदलल्या गेल्या. आणि नेमके हे घाईतले बदलच आपण संवर्धनाच्या नावाखाली खरवडून काढतो, ही माझी तक्रार आहे.

सुरुवात इटलीपासून करतो, कारण इटलीच्या एकीकरणाशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. सावरकरांचं मॅझिनीवरचं पुस्तक १९०७ मध्ये पुण्यात छापलं गेलं आणि मॅझिनी, गॅरिबाल्डी ही नावं आपल्याकडे घरातली झाली. ते एकीकरण कुठल्या छपराखाली जाहीर झालं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी विचारलं असेल. ते झालं तुरीनच्या पालाझ्झो कारिन्यानोत.

हा राजवाडा ग्वारिनो ग्वारिनीने १६७९ पासून बांधायला घेतला. ग्वारिनी पाद्री होता, गणिती होता आणि सरळ भिंतीचं त्याला वावडं असावं. दर्शनी भिंत दोन्ही अंगांना आत वळते आणि मधोमध पोट काढून बाहेर येते. सगळं काम विटांचं. खिडक्यांभोवतीची नक्षीही भाजलेल्या मातीची. आत लंबवर्तुळाकार दालन आणि दोन बाजूंनी वळत वर जाणारे जिने. ज्याच्यासाठी हे बांधलं, तो कारिन्यानोचा राजपुत्र जन्मतः बहिरा होता. इटलीतली सर्वांत गाजलेली भाषणं पुढे त्याच्याच घरात व्हावीत, हा योग विलक्षणच.

१८४८ मध्ये तुरीनमधून राज्य करणाऱ्या सार्डिनियाच्या राजाने प्रजेला संविधान दिलं आणि संसदेला जागा हवी झाली. राजवाड्यातलं नाचाचं दालन निवडलं गेलं. तिथे अर्धवर्तुळात चढत्या पायऱ्यांवर बाकं बसवली गेली, २०४ प्रतिनिधींसाठी. पुढे पंतप्रधान झालेला काव्हूर याच दालनात घडला. १८६० पर्यंत इथे कामकाज चाललं. हे दालन आजही बाकांसकट जसंच्या तसं आहे आणि आता राजवाड्यात असलेल्या संग्रहालयात गेलेला प्रत्येक जण त्याच्या दारात थबकतो. इटली इथेच एक झाली, असं समजून फोटो काढतो. ती इथे झाली नाही.

दोन वर्षांत लोंबार्दी, तोस्काना, सिसिली, नेपल्स अशी राज्यंच्या राज्यं येऊन मिळाली. नव्या संसदेत ४४३ प्रतिनिधी होते आणि नाचाचं दालन २०४ जणांचं. मग आमेदेओ पेयरॉन या अभियंत्याने राजवाड्याच्या चौकात एक तात्पुरतं सभागृह उभं केलं. लग्नघरी अंगणात मांडव घालतात, तसा हा प्रकार. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी इटलीची पहिली संसद या मांडवात भरली. सार्डिनियाच्या व्हिक्टर इमॅन्युएलला इटलीचा राजा ठरवणारा कायदा १४ मार्चला इथेच मंजूर झाला आणि १७ मार्चला जारी झाला. तो राजा जन्मला होता याच वाड्यात, १८२० मध्ये. पुढे १८ एप्रिलला गॅरिबाल्डी लाल सदरा आणि पोंचो घालून सभागृहात आला आणि आपल्या स्वयंसेवक सैन्याच्या प्रश्नावरून काव्हूरवर असा तुटून पडला की बैठक थांबवावी लागली. राष्ट्र होऊन जेमतेम महिना झाला होता. मॅझिनी मात्र इथे कधी बसलाच नाही. त्याला प्रजासत्ताक हवं होतं, हा मांडव राजाचा होता.

आता तिसरं दालन. तात्पुरत्या सभागृहाने राष्ट्राची शोभा होईना, म्हणून राजवाड्याच्या मागे एक भव्य बाजू बांधायला घेतली. फेर्री आणि बोल्लाती यांचं काम. खांब, कमानी, मोठं संसदगृह. काम सुरू झालं १८६४ मध्ये, आणि त्याच सप्टेंबरात राजधानी फ्लॉरेन्सला हलवण्याचा करार झाला. तुरीनचे लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पन्नासाहून अधिक माणसं मेली. बांधकाम मात्र चालूच राहिलं. १८७१ मध्ये ते पुरं झालं तेव्हा राजधानी फ्लॉरेन्सहूनही उठून रोमला गेली होती. त्या संसदगृहात संसदेची एकही बैठक झाली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला! रोममध्ये तरी शहाणपण यावं? तिथेही मोन्तेचितोरिओ राजवाड्याच्या चौकातच तात्पुरतं सभागृह घातलं. ते उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ, आणि तब्बल तीन दशकं वापरलं.

म्हणजे कारिन्यानोत आज दोन सभागृहं दिसतात: एक निर्णयाच्या आधीचं, एक नंतरचं. जिथे निर्णय झाला ते पेयरॉनचं सभागृह पाडलं गेलं. तात्पुरतं होतं, वास्तुशिल्पाच्या दृष्टीने किरकोळ होतं. आज तुमच्यासमोर तो प्रस्ताव आला असता तर तुम्हीही पाडायलाच सांगितलं असतं, आणि मीही सही केली असती.

जर्मनीचं वेगळं. फ्रँकफुर्टचं सेंट पॉल चर्च १८४८ मध्ये जर्मन राष्ट्रीय संसदेसाठी निवडलं गेलं ते त्याच्या आकारामुळे: लंबवर्तुळाकार, खांबांवर सज्जा, सगळ्यांना प्रवचनकार दिसावा अशी प्रॉटेस्टंट रचना. पण प्रवचनकार एक असतो आणि इथे शेकडो वक्ते. आवाज घुमू लागला, म्हणून वर खोटं छत टांगलं. ऑर्गनपुढे फाइट या चित्रकाराने रंगवलेली जर्मानिया ही राष्ट्रदेवता लावली. हिवाळ्यात चर्च तापवण्याची सोय करण्यासाठी संसदेला काही काळ दुसऱ्या चर्चमध्ये जावं लागलं. संविधान तयार झालं, पण प्रशियाच्या राजाने लोकप्रतिनिधींच्या हातून मुकुट घ्यायचं नाकारलं. १९४४ च्या बाँबफेकीत चर्च जळालं. १९४८ मध्ये रुडॉल्फ श्वार्त्सने ते मुद्दाम रिकामं, पांढरं, जवळजवळ उपाशी दिसेल असं पुन्हा उभं केलं. त्यावर आजही वाद चालतो. मला ते आवडतं.

जर्मनी अखेर एक झाली ती शत्रूच्या, म्हणजे फ्रान्सच्या घरात. १८ जानेवारी १८७१, व्हर्सायचा आरसेमहाल. छतावर ल ब्रँने रंगवलेले चौदाव्या लुईचे विजय, त्यात ऱ्हाइन ओलांडून केलेली स्वारीही, आणि खाली जर्मन राजे-सेनापतींचा जयघोष. पण हा नुसता समारंभ. बव्हेरियाशी निर्णायक करार नोव्हेंबरातच झाला होता, गावातल्या एका बाईंच्या घरी, जिथे प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क उतरला होता. आरसेमहाल पाहायला जग लोटतं. त्या घराचा पत्ता कोण विचारतो?

आता घरचं उदाहरण. दिल्लीची जुनी संसद, आजचं संविधान सदन. वास्तुशिल्पी बेकरच्या आराखड्यात तीन सभागृहं होती आणि त्यातलं एक खास संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचं. मधला घुमटाखालचा भाग म्हणजे ग्रंथालय. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा बसली ती या ग्रंथालयात. कपाटं हलवून उतरत्या चौथऱ्यांवर हिरवे गालिचे अंथरले, दिल्लीच्या थंडीसाठी विजेवर तापणारी डेस्कं ठेवली. २८ एप्रिल १९४७ रोजी बडोदे, बिकानेर, कोचीन, पतियाळा अशा संस्थानांचे प्रतिनिधी पहिल्यांदा आत आले आणि या बाकांवर बसले. त्यांच्या राजांचं सभागृह याच छपराखाली होतं. तिथे १९३७ पासून फेडरल कोर्ट बसत होतं आणि १९५० ते १९५८ सर्वोच्च न्यायालय बसलं. संस्थानं विलीन झाली म्हणजे काय झालं, हे सांगायला त्या खोलीच्या वापराची एवढी यादी मला पुरते.

आपल्या शेजारचं एक उदाहरण उलट दिशेचं आहे. पणजीत मांडवीकाठी आदिलशहाचा वाडा आहे. आधी पोर्तुगीज व्हाइसरॉयचं निवासस्थान, मग सचिवालय, आणि २००० पर्यंत तिथेच विधानसभा. महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव १९६५ मध्ये याच विधानसभेत झाला, आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं. एकीकरण जिथे ठरलं त्या वास्तूंच्या यादीत ही बसत नाही. मी तरीही ती घालीन.

मित्रहो, आपल्या नोंदपत्रकात ‘नंतरची भर’ असा रकाना आहे आणि त्यापुढे आपण डोळे मिटून ‘काढावी’ असं लिहितो. प्लायवुडची आडभिंत, खोटं छत, सज्ज्यावर घातलेला पत्रकारांचा कठडा, सगळ्यांची एकच गत. या रकान्यात तीन प्रश्न घालावेत असा माझा प्रस्ताव आहे: ही भर कोणी घातली, केव्हा घातली, कुठल्या बैठकीसाठी घातली. उत्तर मिळेपर्यंत तिला हात लावू नये, आणि काढायचीच झाली तर आधी मापं घेऊन नकाशा काढावा. जुन्या संस्थानांच्या दरबार-दालनांपासून सुरुवात करता येईल. त्यातली बरीच आज शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या ताब्यात आहेत आणि रंगरंगोटीच्या निविदा कुठे ना कुठे निघतच असतात. ठरावाचा मसुदा उद्या सकाळच्या सत्रात मांडतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो सभागृहातच करावा, चहाच्या टेबलावर नको.