दोरी ओढायची मुभा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांपुढे केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि जेवण तयार आहे, हे लक्षात ठेवून बोलतो. माझी नोकरी कारखान्यात, उत्पादन विभागात झाली. म्हणून एका कारखान्याचीच गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. कामगार आणि साहेब यांच्यात उभा दावा. गैरहजेरी 20 टक्क्यांच्या घरात. एक नियम मात्र पक्का होता : काही झालं तरी लाइन थांबवायची नाही. चूक दिसली तरी गाडी पुढे ढकलायची, शेवटी कुणीतरी बघून घेईल. 1982 साली कारखाना बंद पडला.

पुढे टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. 1984 च्या अखेरीस तिथे गाड्या बनू लागल्या. नाव ठेवलं 'नम्मी'. गंमत म्हणजे बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही जुनीच. बदललं काय? अनेकांना शिकण्यासाठी जपानला पाठवलं. आणि लाइनवरच्या प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली. अडचण दिसली की दोरी ओढायची. दिवा लागतो, टीमचा प्रमुख येतो, दोघं मिळून मार्ग काढतात. वेळेत नाही निघाला, तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही.

हा विचार टोयोटाच्या घराण्यात जुना आहे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला होता. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं, हे साधं सूत्र. आणि थांबल्यावर 'कोणी केलं?' असं विचारायचं नाही. 'का झालं?' असं विचारायचं, तेही पाच वेळा.

दोनेक वर्षांत तोच कारखाना गुणवत्तेत जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला. गैरहजेरी कितीतरी खाली आली. मग हीच पद्धत कंपनीने लॉस एंजेलिसच्या व्हॅन नायस कारखान्यात नेऊन पाहिली. तिथे ती रुजली नाही. कामगारांचा विश्वास बसेना आणि सुपरवायझरांना अधिकार सोडवेना. 1992 साली तो कारखाना बंद झाला. दोरी टांगता येते हो, पण ती ओढायची हिंमत एकमेकांच्या वागण्यातून येते.

आता आपल्याकडे येतो. आपली इमारत 25 वर्षांची झाली. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 च्या पुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मोठी दुरुस्ती की पुनर्विकास, हा प्रश्न फार लांब नाही. लाखांचे नाही, कोटींचे निर्णय असतील. ते आपण कसे घेणार? वार्षिक सभेत सगळे गप्प आणि जिन्यात सगळे वक्ते, अशी आपली रीत आहे. जो बोलतो तो 'कटकट्या' ठरतो. कमिटीवाले बिनपगारी राबतात, त्यांना प्रत्येक तक्रार आरोपच वाटते. दोन्ही बाजूंचं मी समजू शकतो.

समजा, एका घराच्या भिंतीला ओल आली. का? बाहेरच्या भेगेतून पाणी येतं. भेग का पडली? तिथे पिंपळ रुजला. तो वाढू का दिला? कमिटीला माहीतच नव्हता. का? झाडलोट करणाऱ्या मावशींनी दोन पावसाळ्यांपूर्वी पाहिला होता, पण सांगितला नाही. का नाही सांगितला? कारण त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. बघा, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडून हे उत्तर सापडलं असतं का?

म्हणून माझी एकच सूचना आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवू या. व्हॉट्सॲपवरची तक्रार सुप्रभातांच्या फुलांखाली गाडली जाते, वहीतली राहते. सभासद, भाडेकरू, वॉचमन, मावशी, शाळकरी मुलं, कुणीही लिहावं. लिहिता येत नसेल त्याचं दुसऱ्याने लिहून घ्यावं. कमिटीतल्या एकाने दोन दिवसांत जागेवर जाऊन पाहावं आणि त्याच पानावर उत्तर लिहावं. ताबडतोब जमणार नसेल तर 'सध्या जमत नाही, कारण अमुक' एवढं लिहिलं तरी चालेल. आणि लिहिणाऱ्याला कुणी 'तुला काय करायचंय?' म्हणायचं नाही. हे शेवटचं पाळलं नाही, तर वही महिन्याभरात रद्दीत जाईल.

ऑडिटचा इंजिनीअर येईल तेव्हा ही वही त्याच्या हातात देऊ. त्याला चार दिवसांत न दिसणारं वर्षभराचं त्यात असेल. आणि पुनर्विकासाच्या सभेला बसू, तेव्हा एकमेकांचं ऐकायची सवय तरी झालेली असेल.

पहिल्या पिढीने ही सोसायटी उभी केली, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांना नमस्कार करतो, आणि तुम्हा सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देऊन थांबतो. चला, पानं वाढली असतील.