परवानगी न मागणारं अवजार



पत्रिकेत ‘जुजुत्सू’ वाचून कुणी जपानी कुस्तीच्या अपेक्षेनं आलं असेल, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. आजचा विषय त्या नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. वापरणारे नुसतं ‘जेजे’ म्हणतात, कारण टर्मिनलवर आज्ञा तेवढीच टाइप करायची असते. टाइप करायला सोपी म्हणून ही दोन अक्षरं निवडली आणि त्यांना जुळेल असं नाव प्रकल्पाला दिलं.

ज्यांच्या घरातलं कुणी हिंजवडीला किंवा परदेशी प्रोग्रामिंग करतं, त्यांच्या कानावर ‘गिट’ हा शब्द गेलाच असेल. एका प्रोग्रामवर अनेकांचे हात फिरतात. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद गिट ठेवतं. लिनक्सच्या कर्नलचं काम पूर्वी बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याच्या मालकांनी फुकट वापराची मुभा काढून घेतली, म्हणून 2005च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच महिन्यात, त्याच कारणानं, मर्क्युरिअल हे तसंच सॉफ्टवेअरही जन्मलं. माझ्या मते दोघांत शिकायला सोपं मर्क्युरिअलच. तरी ते मागं पडलं. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या बिटबकेटनं 2020मध्ये त्याला रजा दिली, आणि वर्षानुवर्षं मर्क्युरिअलवर नांदलेला फायरफॉक्सचा कोडही 2025मध्ये गिटवर गेला. सगळे गिटवर, म्हणून नवा येणाराही गिटवर. गुणांचा प्रश्नच उरला नाही.

अशा परिस्थितीत नवं काही आणायचं म्हणजे धाडसच. मार्टिन फॉन झ्वाइगबर्ग या गूगलमधल्या अभियंत्यानं 2019च्या अखेरीस हौसेखातर जेजे सुरू केलं. पुढं तेच त्याचं पूर्णवेळ काम झालं. त्यातली खरी चतुराई मला एका निर्णयात दिसते. जेजेनं गिटशी भांडण काढलंच नाही. तुमचे बदल ते गिटच्याच भांडारात, गिटच्याच स्वरूपात साठवतं. वाड्याचा पत्ता तोच, दारावरची पाटी तीच. आत तुम्ही चूल कुठं मांडली हे पोस्टमनला कळायचं कारण नाही. सहकारी गिटच वापरत राहतात. मर्क्युरिअल आणायचं तर अख्ख्या कंपनीची बैठक घ्यावी लागायची. जेजे एकटा माणूस आपल्या टेबलावर, साहेबांना न विचारता सुरू करू शकतो, आणि नाही जमलं तर मुकाट्यानं गिटकडे परतू शकतो. त्याचा प्रसार होतोय तो मुख्यतः यामुळं, असं माझं मत आहे.

पण एकदा आलेला माणूस टिकतो तो वेगळ्या कारणांनी. एक उदाहरण जवळून पाहू. तुम्ही एकापुढं एक असे पाच बदल केलेत. तेवढ्यात तुमच्या दुसऱ्या बदलातली एक ओळ सहकाऱ्यानंही बदलली. आता तुमचे पाचही बदल त्याच्या कामावर नेऊन बसवायचे आहेत. गिट दुसऱ्या बदलापाशी अडतं आणि फाइलमध्ये बाणांच्या खुणा टाकून थांबतं. आधी हा गुंता सोडवा, नाहीतर सगळंच रद्द करा. जेजे थांबत नाही. पाचही बदल पुढं नेतं आणि दुसऱ्यात गुंता आहे याची नोंद त्या बदलातच ठेवतं. तुम्ही जेवून या, दुसरं काम करा, उद्या बघा. सोडवलात की पुढच्या तीन बदलांपर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोचते.

आणि हे सगळंच फसलं तर ‘जेजे अन्डू’ ही आज्ञा. प्रत्येक कृतीची नोंद असते, त्यामुळं भांडाराची आधीची स्थिती परत आणता येते. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ढकललेलं मात्र परत येत नाही. गिटमधले जुने जाणते यावर म्हणतात, हे गिटमध्येही जमतं, रिफ्लॉग ही हालचालींची नोंदवही कशाला आहे? जमतं, खरंच जमतं. पण संध्याकाळी घरी जायच्या घाईत, घाम फुटलेला असताना रिफ्लॉगमधून नेमकी ओळ हुडकणारे किती?

उणिवाही आहेत. गिटचे हुक, म्हणजे ठरलेल्या क्षणी आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, जेजे चालवत नाही; सबमॉड्यूल, म्हणजे भांडारात बसवलेलं दुसरं भांडार, सांभाळत नाही. गिटमधली ब्रांच, म्हणजे कामाच्या एका वाटेला दिलेलं नाव, नव्या बदलाबरोबर पुढं सरकते. जेजेत तिच्या जागी असलेला बुकमार्क जागच्या जागी राहतो, आणि नवशिक्या हमखास तिथं ठेचकाळतो. आवृत्तीचा आकडा अजून शून्यानं सुरू होतो. शिवाय बऱ्याच कामाचा पगार गूगल देतं, हे मला थोडं खटकतं. परवाना ‘अपाची’ हा खुला परवाना आहे, म्हणजे कोड कुणी हिरावून घेणार नाही. पण उद्या कंपनीचं मन बदललं तर कामाचा वेग टिकेल का?

हे अवजार किती जण वापरतात ते मोजणं अवघड, कारण बाहेरून सगळं गिटसारखंच दिसतं. थोडासा माग मात्र लागतो. प्रत्येक बदलाला जेजे जी खूण देतं ती इंग्रजी ‘के’ ते ‘झेड’ एवढ्याच अक्षरांची असते. गिटच्या खुणेत शून्य ते नऊ हे आकडे आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरं येतात. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ही योजना. काम पाठवताना तुम्ही नाव सुचवलं नाहीत, तर जेजे ‘पुश’ या शब्दापुढं तीच अक्षरं जोडून ब्रांचला नाव देतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते विचित्र नाव दिसतं आणि तो विचारतो, “हे काय रे?”