चीनमधले परदेशी इंग्रजी शिक्षक आणि आपण

(वर्धापनदिनानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्धापनदिनाला चीनमधल्या इंग्रजी मास्तरांचे काय काम, असे काहींना वाटले असेल. कारण साधे आहे. आपल्या वस्तीतल्या मुली-मुलगे आता इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. होत आहेत. 'चीनमध्ये इंग्रजी शिक्षक पाहिजेत, राहणे फुकट, पगार भरपूर' अशा जाहिराती त्यांच्या मोबाईलवर येतात. आई-बाप विचारतात, पाठवावे का? एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तिथले जिणे कसे असते ते समजून घ्यावे, एवढ्यासाठी हे दोन शब्द.

चीनमध्ये बारावीनंतर जी मोठी प्रवेशपरीक्षा होते तिला 'गाओखाओ' म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती बंद पडली होती, १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या ७५० गुणांपैकी साधारणपणे १५० गुण परकीय भाषेचे, आणि ती भाषा बहुतेकांची इंग्रजीच असते. २००१ च्या धोरणाने इंग्रजी तिसरीपासून शिकवायचे ठरले. म्हणून परदेशी मास्तरांना मागणी आली. अशा मास्तराला तिथे 'वाइजिआओ' म्हणतात आणि शिक्षकाला मानाने 'लाओशी'. १० सप्टेंबरला शिक्षक दिन असतो, तेव्हा मुले फुले आणि शुभेच्छापत्रे आणून देतात.

आता त्याचा दिवस बघा. राहायला बहुधा शाळेच्या किंवा कॉलेजच्या आवारातच खोली. परक्या माणसाने मुक्काम बदलला की २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. सकाळी मैदानावर सामुदायिक कवायत, मधल्या वेळेत कर्ण्यावरच्या संगीतावर मुलांचे डोळ्यांचे व्यायाम, दुपारी जेवणानंतर सगळ्यांची वामकुक्षी. प्यायला गार पाणी मागितले तर लोक नवलाने बघतात, कारण तिथे कोमट नाहीतर गरम पाणी पिण्याची रीत. मोठ्या वर्गांतली मुले रात्री उशिरापर्यंत शाळेतच अभ्यासाला बसतात. बाजारात पैसे मोबाईलवरून द्यायचे, आणि आपल्याकडे चालणाऱ्या कितीतरी परदेशी वेबसाइट तिथे उघडतच नाहीत.

वर्गात पन्नास मुले असणे तिथे नवलाचे नाही. वाइजिआओला बहुधा बोलण्याचा तास देतात, एका वर्गाला आठवड्यातून एकदा. पंधरा वर्ग धरले तर साडेसातशे मुले झाली! त्यांची नावे तरी कशी लक्षात राहणार? मुले स्वतःला एखादे इंग्रजी नाव घेतात, त्यावरच भागते. त्यात गाओखाओचा भर लिहिण्या-वाचण्यावर आणि ऐकण्यावर, बोलण्याला गुण फारसे नाहीत. त्यामुळे परक्या मास्तराचा तास मुलांना आवडतो, पण परीक्षा जवळ आली की तोच तास आधी कापला जातो. मान पाहुण्याचा मिळतो, पण शाळेच्या कारभारात त्याला विचारतो कोण? शाळेचे खरे इंग्रजी शिकवतात ते चिनी मास्तर आणि बाई. त्यांतल्या कित्येकांनी देशाबाहेर पाऊलही टाकलेले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता एक नोंदलेले उदाहरण सांगतो. अमेरिकन सरकारची 'पीस कोअर' नावाची स्वयंसेवक योजना १९९३ ते २०२० चीनमध्ये चालली. तीमधून पीटर हेसलर हा तरुण १९९६ मध्ये यांगत्सी नदीकाठच्या फूलिंग या गावी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात गेला. तिथे पन्नासएक वर्षांत कोणी अमेरिकन राहिलेला नव्हता. रस्त्यावर थांबला की भोवती गर्दी जमायची, लोक लांबून 'हॅलो' ओरडायचे. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, पुढे खेड्यातल्या शाळांत मास्तर होणारी. आपल्या आई-बापांच्या पिढीची आठवण व्हावी असेच ते विद्यार्थी होते. हेसलर रोज चिनी शिकायला बसायचा, आणि चुकला की त्याचे चिनी शिक्षक तोंडावर 'बु दुइ', म्हणजे 'बरोबर नाही', असे सांगायचे. मास्तर स्वतः विद्यार्थी झाला. जसजशी भाषा आली तसतशी त्याला घिसाडघाईच्या गर्दीऐवजी माणसे भेटू लागली. दोन वर्षांच्या या अनुभवावर त्याने 'रिव्हर टाउन' हे पुस्तक लिहिले, ते २००१ मध्ये निघाले.

आता पोटापाण्याची गोष्ट, ती पालकांनी नीट ऐकावी. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीचा परवाना सर्वसाधारणपणे इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका अशी ती ठरलेली यादी. भारत त्या यादीत धरत नाहीत. आपली मुलगी इंग्रजीत पहिल्या वर्गात एम.ए. झाली असली तरी भारतीय पासपोर्टमुळे ती बहुधा दारातच अडते. तिकडचा एखादा भलत्याच विषयाचा पदवीधर मात्र १२० तासांचे प्रमाणपत्र घेऊन वर्गात उभा राहू शकतो. आपल्या लोकांना तिथे गणित-विज्ञानासारखे विषय किंवा योग शिकवण्याच्या वाटा आहेत, पण त्यांचे नियम वेगळे.

मग एजंट काय करतो? 'विद्यार्थी व्हिसावर जा, व्यापारी व्हिसावर जा, मागाहून बघू' म्हणतो. बंधूंनो, हे मागाहून कधीच होत नाही! २०१३ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे बेकायदा काम करणाऱ्या परक्याला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो. प्रकरण गंभीर ठरले तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. नोकरीसाठी जाणाऱ्याला 'झेड' व्हिसा लागतो, तो इथूनच घेऊन जायचा आणि पोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. ज्याच्या कागदावर हे नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. शिवाय धंदा एका रात्रीत बदलतो. जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या नफ्याच्या शिकवण्यांवर बंधने घातली, सुट्टीतले वर्ग बंद केले, तेव्हा कितीतरी क्लास बुडाले आणि मास्तर घरी बसले. करोनाच्या काळात २०२० पासून दारे मिटली, ती २०२३ मध्ये उघडली.

कोणाला परवाना द्यायचा हा त्या देशाचा अधिकार आहे, त्याला मी जातिव्यवस्था म्हणणार नाही. पण माणूस कुठे जन्मला यावरून त्याची विद्या मोजायची, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. त्याने खचून जाणारे आपण नव्हे. जन्माने कोणी श्रेष्ठ-नीच होत नाही, कर्माने होतो, हे तथागतांनी वसल सुत्तात सांगून ठेवले आहे. विनयपिटकात अशीही कथा आहे, की दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागितली. बुद्धांनी ती नाकारली आणि धम्म ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावा असे सांगितले. विद्या शिकणाऱ्याच्या भाषेत गेली पाहिजे, हे मोठे शिक्षणशास्त्र आहे.

चीनमध्ये टिकले ते परके गुरू याच वाटेने गेले. कुमारजीव मूळचे कुचाचे, वडील भारतातले. एका सेनापतीने त्यांना पकडून नेले. सुमारे सतरा वर्षे लिआंगझोऊ भागात अडकून पडले, तिथे चिनी भाषा शिकले आणि ४०१ मध्ये चांगआनला पोचून त्यांनी सूत्रांची जी भाषांतरे केली ती आजही वाचली जातात. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून गेले, चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच देह ठेवला. त्यांचा पासपोर्ट कुठला होता हे कोण विचारतो?

म्हणून मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेल्या चिनी मास्तरांकडे परत येतो. बाहेर न गेलेल्या त्या मास्तर-बाईंनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना इंग्रजी शिकवले. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत हे का होऊ नये? ज्याला इंग्रजी येते त्याने रविवारी दोन तास खालच्या वर्गातल्या मुलांना द्यावेत, त्यांना समजेल अशा मराठीतून समजावून. परदेशी जायचे त्याने जरूर जावे, पण चोख कागद घेऊन आणि तिथली भाषा शिकायची तयारी ठेवून. आणि इंग्रजी दुसऱ्याची, आपल्याला उसनी मिळालेली, हा न्यूनगंड आधी मनातून काढावा. बाबासाहेबांनी आपले मोठमोठे ग्रंथ याच भाषेत लिहिले. ती आपलीही आहे, कष्टाने मिळवलेली आहे.