मोतीबाग आणि तिचे पाणी



बागेवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना फुलांची अपेक्षा असते. आम्ही बोलणार आहोत ते गाळावर. कारण मोतीबागेचा विषय शेजारच्या मोती तलावावाचून पुरा होत नाही.

हा तलाव जमशेदखानाने बांधविला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत खेळविले, असे जुनी गॅझेटिअरे सांगतात. जालन्याच्या बागांतली फळे त्या काळी हैदराबादेस आणि मुंबईस जात. म्हणजे बाग ही या गावाला कोणी बाहेरून आणून दिलेली चैन नव्हे. पुण्यात पर्वतीखालचे पेशवेकालीन तळे आटले आणि तेथे सारसबाग झाली. आपले भाग्य असे, की तळेही आहे आणि बागही आहे.

आता बागेचे नूतनीकरण म्हणजे आपण काय करतो? फरशा बसवितो, कारंजे उभारतो, दिवे लावतो, हिरवळ अंथरतो. उद्घाटनाच्या दिवशी सारे देखणे दिसते. पुढे कारंज्याचा पंप बिघडतो आणि हिरवळ वैशाखात करपते. बांधकामाला एकदा पैसा मिळतो, माळ्याला दरमहा द्यावा लागतो. आणि दरमहाच्या खर्चाची कोनशिला बसत नाही!

कोणी म्हणेल, ज्या गावाने 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिली, त्याने झाडांना पाणी घालावे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात दोन घागरींवर दिवस निघाला, तेथल्या माउलीला हिरवळीचे कौतुक सांगण्याची आमची छाती नाही. म्हणूनच आम्ही हिरवळीचा आग्रह धरीत नाही. कडुनिंब, वड, चिंच ही मंडळी एकदा रुजली की फारसे मागत नाहीत आणि सावली मात्र भरपूर देतात. ज्याच्या घरावर पत्रा आहे त्याला उन्हाळ्याच्या दुपारी ती सावली चैन वाटत नाही.

राहिला तलाव. घाणेवाडीचा तलाव गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात झाला. त्याचे पाणी केवळ उताराने जालन्यास येते. गाळाने तो उथळ झाला, तेव्हा अलीकडच्या काळात नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. सरकारी फायलीची वाट पाहत बसले असते, तर तो गाळ अजून तेथेच असता. हे काम आपल्याच गावात झालेले आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

तेव्हा यापुढे बागेच्या सुशोभनाचा आराखडा नगरापुढे येईल, त्या वेळी आपण दोनच रकमा विचाराव्यात: तलावाचा गाळ काढण्यास किती ठेवले, आणि माळ्याच्या पगारास किती वर्षांची तरतूद केली. कारंज्याचा आकडा त्यानंतर पाहू.