शेतवाटेवरची दुचाकी आणि क्रँकचे सील

गोदावरीच्या काठी वसलेले बासर हे गाव ज्ञानसरस्वतीच्या मंदिरामुळे सर्वांस परिचित आहे. पूर्वी आदिलाबाद व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावापासून महाराष्ट्रातील धर्माबाद दूर नाही. या भागात काळी जमीन पुष्कळ. तेथील शेतवाट पावसाळ्यात चिखलाची, तर उन्हाळ्यात फुफाट्याची. अशा वाटांवर खताची पोती आणि दुधाचे कॅन वाहण्यास टू-स्ट्रोक इंजिनाच्या हलक्या दुचाक्या फार उपयोगी पडल्या. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ मध्ये निघाली. पुढे टीव्हीएसच्या गाड्या आल्या. जुनी टू-स्ट्रोक गाडी ज्यांच्या घरी अद्याप चालते आहे, त्यांनी क्रँकच्या सीलची माहिती अवश्य करून घ्यावी.

टू-स्ट्रोक इंजिनातील क्रँककेस हा एक प्रकारचा भाताच होय. पिस्टन वर जातो तेव्हा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो खाली येतो तेव्हा ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. यास्तव क्रँकच्या दांड्याच्या दोन्ही टोकांशी रबरी सील बसविलेले असते. ते फाटले वा कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण घटते. वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही कमी पडते. पिस्टन तापून जखडतो, आणि क्वचित धावत्या गाडीचे चाकही त्याबरोबर अडते. ओझ्यासह चाललेल्या माणसाच्या तर ते जिवावरच बेतावयाचे!

मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, तर मूठ सोडल्यावरही इंजिनाचा वेग उतरत नाही आणि प्लग पांढरट दिसतो. गिअरच्या तेलाकडील सील गेले, तर दाट पांढरा धूर येतो, प्लग तेलकट होतो व बाहेर गळती नसताना तेल घटते. कार्बोरेटर कितीही फिरविला तरी यात गुण येत नाही.

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. कार्बोरेटर व सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत. प्लग जागी ठेवून पिस्टन तळाशी आणावा. एका बुचातून नळी घालून रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या फुग्याने पाऱ्याच्या अडीचशे मिलिमीटरपर्यंत दाब द्यावा. अधिक दिल्यास चांगले सीलही निखळते. काटा पाच मिनिटे स्थिर राहिला तर सील शाबूत आहेत असे समजावे. तो भराभर उतरला, तर सांध्यांवर व सीलवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहावे.

मॅग्नेटची चक्री पुलरनेच काढावी, हातोडीने नव्हे. जुने सील कोणत्या तोंडाने व किती खोल बसले आहे हे आधी पाहून ठेवावे. ते उचकटताना घरास ओरखडा पडू देऊ नये. दांड्यावर खाच पडली असेल किंवा तो वरखाली हलत असेल, तर नुसते नवे सील टिकणार नाही. बेअरिंगही पाहावे लागेल. दांड्याच्या खाचेवर पातळ पट्टी गुंडाळावी, सीलच्या ओठास ग्रीस लावावे आणि बाहेरच्या कडेएवढ्या नळीने ते सरळ, हळूहळू बसवावे.

नंतर दाबाची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि पूर्वी फिरविलेला कार्बोरेटर मूळ स्थितीवर आणण्यास विसरू नये. सीलसाठी लागणारे थोडे पैसे वाचविण्याच्या नादात पिस्टन व सिलिंडर यांचा मोठा खर्च अंगावर घेण्यात शहाणपण नाही.