धोपेचा साचा



फाळणीनंतर, १९४९ पासून, जुन्या फरीदाबादशेजारी निर्वासितांसाठी नवे नगर उभे राहिले व पुढे येथे कारखानदारी वाढली. तिच्याच निमित्ताने आपल्यापैकी अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्यामुळे साचा ही वस्तू आपणांस परकी नाही. त्या विद्येचा रंगभूमीला होणारा उपयोग आज सांगावयाचा आहे.

शिवकालीन प्रवेशासाठी रामलीलेच्या सामानातील तलवारी आणल्या, तर त्या बहुधा वक्र निघतात. मराठ्यांची धोप सरळ व लांब पात्याची. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली युरोपीय पातीही एतद्देशीय मुठींत बसविली जात. त्यांस फिरंग म्हणत. येथे वाढणाऱ्या मुलांना शिवकाल प्रथम दिसतो तो आपल्याच रंगमंचावर. तेथे शस्त्र चुकले, तर चुकलेलेच चित्र मनात ठसते.

मुठीचे उभे दोन अर्धे गुळगुळीत फळीवर मातीत घडवावेत. कडांना बाहेर उतार ठेवावा. आत वळलेला भाग साच्यात अडकतो, हे फाउंड्रीत काम केलेल्यांस सांगावयास नको. भोवती पुठ्ठ्याची भिंत उभारून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. भुकटी पाण्यात सोडावी, भुकटीवर पाणी ओतू नये, गाठी होतात. प्लास्टर घट्ट होताना तापते. ते निवल्यावर माती काढून साचा पूर्ण वाळवावा, आतून साबणाचा हात फिरवावा आणि खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे सहा-सात थर द्यावेत. वैशाखातील आपल्याकडील कोरडी हवा या कामी उपकारकच ठरते.

पाते मात्र साच्यात करू नये. कागदाचे वाकते, प्लास्टरचे फुटते. बांबूची सरळ पट्टी तासून, टोक व कडा गोल करून तिच्यावर कापड चिकटवावे, म्हणजे कुसळ निघणार नाही. पट्टीचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत न्यावे व मगच दोन्ही अर्धे जोडावेत. खऱ्या तलवारीचे बळ तेथेच असते, आणि नाटकात पाते निसटून प्रेक्षकांत जाण्याचा धोकाही त्यामुळेच टळतो.

एका साच्यातून अनेक मुठी निघतात. तलवारी झिजतील, मोडतील. साचे मंडळाच्या कपाटात जपले, तर दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी मुले स्वहस्ते नव्या घडवतील. धोप सरळ का, हे घडविणारा मुलगा सहसा विसरत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा वारसा आपण त्यांच्या हाती द्यावा, ही विनंती.