आपलेच रक्त, म्हणून निर्धोक?
(विश्रांतवाडी येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेले भाषण)



कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, तेव्हा घरचा जिनाही डोंगर होतो. चरकसंहितेत या व्याधीला ‘गृध्रसी’ म्हटले आहे. आपण सायटिका म्हणतो. कण्यातील सरकलेली चकती मज्जातंतूच्या मुळावर दाब आणते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ साली मांडले.

मीही ही कळ सोसली आहे. त्या दिवसांत मला पीआरपीचे इंजेक्शन सुचविण्यात आले. स्वतःचेच रक्त यंत्रात वेगाने फिरवायचे आणि त्यातील प्लेटलेट्सचा दाट अंश मज्जातंतूच्या मुळाजवळ टोचायचा. ‘आपलेच रक्त, धोका कसला?’ हा युक्तिवाद मोहक होता. पण सुई तर कण्यापाशीच जाते. जंतुसंसर्ग वा इजा संभवते. काही लहान अभ्यास आशादायक आहेत, तथापि सायटिकावरील सिद्ध उपचार म्हणून ही पद्धत अद्याप प्रस्थापित झालेली नाही.

प्रयोगाला माझा विरोध नाही. प्रयोगाला प्रयोगच म्हणावे, एवढाच आग्रह आहे. वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी २००७ पासून सुरू आहे. संशोधनाचा भार रुग्णाच्या खिशावर पडू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून निःसंकोच विचारा : नोंदणी क्रमांक कोणता? खर्च कोणाचा?

बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते, माझीही ओसरली. मात्र लघवीवरील ताबा सुटला किंवा पायातील बळ जाऊ लागले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. तेथे धीर धरणे म्हणजे पाय गमावणे होय.